कडीविणीच्या दागिन्यांसाठी जंप रिंग घरी कापताना

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: वाइंडिंगच्या दुकानातून आणलेली १८ नंबरची तांब्याची तार आपण ३.५ मिलिमीटरच्या ड्रिल बिटच्या गुळगुळीत दांड्यावर गुंडाळली आणि साइड कटरने कापून कड्या, म्हणजे एका जागी उघड्या असलेल्या जंप रिंग, केल्या. इंटरनेटवरच्या कृतीत हीच तार आणि हेच माप दिलेले असूनही बायझंटाईन वीण, म्हणजे कडीत कडी गुंफून होणारी नक्षीदार साखळी, दोन घरांच्या पुढे सरकत नाही, आणि ज्या कड्या बसल्या त्यांचे जोड ओढणीचे धागे ओढतात. तेव्हा तयार कड्या विकत घ्याव्यात की कापण्याची पद्धत बदलावी, असे आपण विचारले आहे. बायझंटाईनसारख्या विणीसाठी तांबे, पितळ आणि चांदी यांच्या कड्या घरीच कापाव्यात असे माझे मत आहे. मात्र आपल्या दोन तक्रारींची कारणे वेगवेगळी आहेत आणि पहिल्या तक्रारीत कटरचा काहीही दोष नाही.

वीण अडकते याचे कारण तारेच्या नंबरात आहे. आपल्याकडच्या दुकानांत तारेचा नंबर बहुधा ब्रिटिश पद्धतीचा, म्हणजे एसडब्ल्यूजी असतो, तर अमेरिकी कृतींमध्ये तांबे आणि चांदी यांच्यासाठी बहुधा एडब्ल्यूजी धरलेला असतो. १८ एसडब्ल्यूजीची तार १.२२ मिलिमीटर जाडीची असते, १८ एडब्ल्यूजीची १.०२ मिलिमीटर. कागदावर हा फरक किरकोळ वाटतो, पण कडीच्या आतल्या जागेत एकमेकींना खेटून बसणाऱ्या चार तारा मोजल्या की तो पाऊण मिलिमीटरच्या पुढे जातो. कडीचा आतला व्यास भागिले तारेची जाडी, या गुणोत्तरावर विणीचे सारे गणित अवलंबून असते. कृती लिहिणाऱ्याचे गुणोत्तर ३.५ भागिले १.०२, म्हणजे सुमारे ३.४ होते. आपले ३.५ भागिले १.२२, म्हणजे सुमारे २.९ झाले. बायझंटाईन विणीला साधारण ३.५ हे गुणोत्तर उत्तम मानवते. ते ३.२ च्या खाली गेले की उलटवलेल्या कड्यांच्या मधून पुढची जोडी शिरत नाही, आणि ४ च्या वर गेले की साखळी लोंबकळते व तिचा नक्षीदारपणा हरवतो. म्हणून माझी पहिली विनंती अशी की तारेचा नंबर विसरून जावा आणि साधा डिजिटल व्हर्नियर घेऊन जाडी मिलिमीटरमध्ये मोजावी. वाइंडिंगच्या तारेवर इनॅमलचा थर असतो आणि त्यानेही माप थोडे फुगते. दागिन्यासाठी ही तार एरवीही सोयीची नाही, कारण कापलेल्या टोकाला उघडे तांबे दिसते, बाकी कडी लाखेच्या रंगाची राहते, आणि तो थर जाळून काढायला गेल्यास धूर घातक असतो. उघडी तार मागून घ्यावी.

आता दांडी. तिच्यासाठी स्वतंत्र खर्च करण्याची गरज नाही, कारण विणकामाच्या धातूच्या सुया हा मापांचा उत्तम संच आहे. जुन्या ब्रिटिश क्रमांकांप्रमाणे १० नंबरची सुई ३.२५, ९ नंबरची ३.७५ आणि ८ नंबरची ४ मिलिमीटरची असते. तरीही प्रत्येक सुई मोजून घ्यावी, कारण मापात थोडी तफावत निघतेच. २० एसडब्ल्यूजीची तार ०.९१ मिलिमीटरची असते आणि १० नंबरच्या सुईवर गुंडाळल्यास गुणोत्तर जवळजवळ ३.६ येते. बायझंटाईन शिकणाऱ्याला मी हीच जोडी सुचवतो. हातात १.२२ मिलिमीटरची तार असेल तर ८ नंबरची सुई घ्यावी, त्यावर गुणोत्तर सुमारे ३.३ ते ३.४ पडते आणि वीण जरा घट्ट पण सुबक येते.

सुईचे माप आणि तयार कडीचे माप मात्र एकच नसते. तार गुंडाळून सोडली की ती थोडी उसळी घेऊन सैल होते. मऊ तांब्यात ही उसळी नाममात्र असते, कडक पितळेत ती सहज जाणवते आणि अर्धकडक चांदी या दोन्हींच्या मध्ये पडते. याउलट कड्या करवतीने कापल्या (तशाच कापाव्यात असे मी पुढे सांगणार आहे) तर ती आपल्या पात्याच्या जाडीइतका धातू परिघातून खाते आणि कडी मिटवल्यावर व्यास तेवढ्या प्रमाणात कमी होतो. ४/० क्रमांकाचे पाते सुमारे ०.२२ मिलिमीटर जाडीचे असते, म्हणजे व्यासातली घट ०.२२ भागिले ३.१४, जेमतेम ०.०७ मिलिमीटर. उसळी आणि घट ही दोन्ही पुष्कळदा एकमेकींना खाऊन टाकतात, पण या योगायोगावर विसंबून दोनशे कड्या कापणे शहाणपणाचे नाही. दहा वेढे घालावेत, कापावेत, एक कडी नीट मिटवावी आणि तिचा बाहेरचा व्यास मोजून त्यातून तारेची जाडी दोनदा वजा करावी. आतला व्यास थेट मोजण्यापेक्षा हे खात्रीचे आहे, कारण व्हर्नियरचे आतले जबडे इतक्या लहान कडीत सरळ बसत नाहीत. माझ्या वहीत प्रत्येक तारेपुढे तीन आकडे असतात: तारेची खरी जाडी, सुईचा व्यास आणि मिटवलेल्या कडीचा आतला व्यास. त्या वहीइतका उपयोग मला कोणत्याही छापील तक्त्याचा झालेला नाही.

तारेच्या कडकपणाबद्दल दोन शब्द, कारण डाक, म्हणजे सांधण्याचा वितळलेला धातू, न लावलेल्या कडीला मिटलेले ठेवणारी दुसरी कोणतीही शक्ती नसते. चिलखताच्या कड्यांची टोके चपटी करून त्यांना रिव्हेट मारण्याची पद्धत होती, आणि पैंजणाच्या कड्या सोनार डाकाने सांधतो. आपण यांपैकी काहीच करत नाही. तापवून पूर्ण मऊ केलेल्या तारेची कडी ओढ बसताच अंड्यासारखी लांबते आणि उघडते, तर पूर्ण कडक तार गुंडाळताना हाताला दाद देत नाही आणि मिटवताना टोके पुन्हा पुन्हा मागे पळतात. म्हणून अर्धकडक तार घ्यावी. इथे आपल्या गावच्या सोनाराची ओळख फार कामाला येते. जंतरपट्टीच्या, म्हणजे तार ओढून बारीक करायच्या भोकांच्या पट्टीच्या, शेवटच्या दोन-तीन भोकांतून, मध्ये न तापवता, ९२.५ टक्के चांदीची तार ओढून द्या, असे त्यांना सांगितले आणि जाडी मिलिमीटरमध्ये सांगितली, तर बाजारात सहसा न मिळणारी नेमकी तार हाती येते. शुद्ध चांदी मात्र या कामाला घेऊ नये, ती न सांधलेल्या कडीसाठी फार मऊ असते.

गुंडाळी करताना वेढ्याला वेढा खेटून बसला पाहिजे, हा एकच नियम आहे. फटी राहिल्या तर करवत प्रत्येक वेढ्यावर वेगळ्या कोनात उतरते आणि टोके तिरकी होतात. तारेचे टोक सुईबरोबर हँड ड्रिलच्या चकमध्ये धरावे, डाव्या हाताने लाकडाच्या दोन पट्ट्यांच्या चिमटीतून तार सोडत राहावी आणि उजव्या हाताने हळू फिरवावे. विजेच्या ड्रिलवर हे काम मी टाळतो. ते वेगाने होते खरे, पण तारेचे शेवटचे टोक चिमटीतून सुटले की चाबकासारखे फिरते. ज्यांना तेच वापरायचे आहे त्यांनी अगदी कमी वेग ठेवावा, चष्मा लावावा, केस बांधावेत आणि हातमोजे मात्र घालू नयेत, कारण फिरत्या वस्तूत कापड अडकले की बोट पाठोपाठ जाते. एका गुंडाळीची लांबी चार-पाच सेंटिमीटरपेक्षा जास्त ठेवू नये, लांब गुंडाळी कापताना वाकते.

आपल्या दुसऱ्या तक्रारीचे मूळ कापण्यात आहे. साइड कटर तार कापत नाही, दोन्ही बाजूंनी दाबून तोडतो. त्यामुळे दोन्ही टोकांना छपरासारखी धार राहते, आणि अशी दोन टोके समोरासमोर आणली की ती फक्त एका रेषेवर टेकतात व वरखाली उघडी खाच राहते. ओढणीचा धागा त्या खाचेत अडकतो. फ्लश कटर घेतल्यास एक टोक सपाट येते, पण दुसरे धारदारच राहते. म्हणून प्रत्येक कडीसाठी कटर उलटा करून ते टोक पुन्हा छाटावे लागते. या छाटणीत दर कडीमागे साधारण अर्धा मिलिमीटर धातू जातो असे धरले तर व्यास ०.१६ मिलिमीटरने घटतो, आणि तेही चालले असते, पण ही छाटणी प्रत्येक वेळी सारखी होत नाही. कुठे अर्धा मिलिमीटर जातो, कुठे पाऊण, आणि शंभर कड्यांमध्ये शंभर मापे तयार होतात. विणीला एकवेळ थोडी लहान कडी चालते, शेजारणीपेक्षा वेगळी कडी चालत नाही. बायझंटाईनमध्ये तर एक कडी लहान पडली की त्या जागी साखळी कायमची ताठ राहते. सोळा-सतरा वर्षांपूर्वी मी केलेल्या पहिल्या चांदीच्या ब्रेसलेटमध्ये अशा तीन जागा आहेत आणि ते मनगटावर अजूनही कोपऱ्यांत मोडल्यासारखे दिसते.

तेव्हा सोनारी करवत घ्यावी. ०.९ मिलिमीटरच्या तारेला ३/० किंवा ४/० चे पाते योग्य ठरते, जाड तारेला २/० चालते. पात्याचे दात मुठीकडे वळलेले असावेत, म्हणजे करवत ओढताना कापेल, आणि पाते इतके ताणलेले असावे की नखाने छेडल्यावर स्वच्छ टणत्कार यावा. सैल पाते वळते, आणि वळलेले पाते कडीचे टोक तिरके कापून मग स्वतःही तुटते. नवशिक्याची पाती भराभर तुटतात, म्हणून डझनाच्या हिशेबानेच आणावीत.

गुंडाळी सुईवरून उतरवून तिच्यात जेमतेम बसणारी लाकडी काडी घालावी. ३.२५ मिलिमीटरच्या गुंडाळीसाठी कबाबाची बांबूची काडी जणू मुद्दाम केल्यासारखी बसते. मग बाहेरून कागदी मास्किंग टेपचा एक वेढा द्यावा, म्हणजे कापलेल्या कड्या उडत नाहीत आणि रेष आखायलाही जागा मिळते. टेबलाला क्लॅम्पने बसवलेल्या लाकडी फळीला इंग्रजी व्ही आकाराची खाच पाडून गुंडाळी तिच्यात आडवी धरावी, करवत पुढच्या टोकाकडे किंचित झुकवावी आणि टोकाच्या कडीपासून मागे मागे यावे. झुकवलेले पाते एकाच वेळी दोन-तीन वेढ्यांना टेकते, त्यामुळे दात अडकत नाहीत. पाते बांबूत शिरल्याचे हाताला कळते, तिथेच थांबावे, कारण आणखी खाली गेल्यास समोरच्या बाजूलाही ओरखडा पडतो. पात्याला अधूनमधून मेणाच्या वडीवर घासावे, पण मेण थोडेच लावावे, जास्त मेण भुसा धरून ठेवते. जोर लावू नये. करवतीचे काम करवतीच्या वजनावर होते, आपला हात फक्त दिशा देतो. सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे कापाची रेष गुंडाळीच्या अक्षाला समांतर राहिली पाहिजे. कापता कापता गुंडाळी बोटांत फिरली तर रेष नागमोडी होते, आणि त्या भागातल्या कड्या मिटवल्यावर जोड तिरपा दिसतो.

दुसरी एक पद्धत अशी आहे की पाते एका बाजूने सोडवून गुंडाळीच्या आतून ओवावे, पुन्हा ताणावे आणि आतून बाहेर कापावे. या पद्धतीत कापलेल्या कड्या पात्यावरच माळेसारख्या राहतात. मोठ्या, सहा मिलिमीटरच्या पुढच्या कड्यांसाठी मला ही सोयीची वाटते. लहान कड्यांत पाते हलायला जागा उरत नाही.

फ्लेक्स शाफ्टवर, म्हणजे मोटारीला जोडलेल्या लवचीक फिरत्या दांडीच्या हत्यारावर, बसणाऱ्या गोल पात्यांचे कडीकापू संचही मिळतात. गुंडाळी एका खोबणीत दाबून धरायची आणि पाते एका फटीतून सरकवत न्यायचे, अशी त्यांची रचना असते. महिन्याला काही हजार कड्या लागत असतील तर तो खर्च वसूल होतो. त्याखाली हाताची करवत पुरते. संचाशिवाय, नुसते गोल पाते रोटरी टूलला लावून गुंडाळी बोटांत धरून कापण्याचे धाडस कोणीही करू नये. पाते अडकते, फुटते आणि तुकडे डोळ्यांच्या दिशेने येतात.

कापून झालेल्या कड्यांच्या कडांवर बारीक कूस, म्हणजे धातूची खरखरीत किनार, राहते. ती एकेक कडी घेऊन कानशीने काढत बसणे व्यर्थ आहे, शिवाय सपाट केलेले टोक पुन्हा गोल होते. पोलादी छऱ्यांच्या फिरत्या डब्यात, पाणी आणि थेंबभर साबण घालून कड्या तासभर फिरवल्या की कूस जाते, चकाकी येते आणि पृष्ठभाग थोडा कडकही होतो. असा डबा नसल्यास रिठ्याच्या पाण्यात पितळी ब्रशने घासणे हा आपल्या सोनारांचा जुना उपाय पुरेसा आहे, फक्त त्याने कडी कडक होत नाही.

मिटवताना दोन सपाट तोंडाच्या, आतून दात नसलेल्या पकडी लागतात. कडी बाजूला फाकवून उघडली तर ती पुन्हा गोल होत नाही, म्हणून एक टोक पुढे आणि एक मागे असेच उघडावे आणि तसेच मिटवावे. मिटवताना टोके किंचित आतल्या बाजूला दाबत एकमेकांच्या पलीकडे नेऊन परत आणावीत. सपाट कापलेली टोके घासून जाताना बारीक किरकिर हाताला जाणवते, ती जाणवली की जोड बसला असे समजावे. मग कडी खिडकीच्या उजेडात धरून पाहावी. प्रकाशाची रेघ दिसली तर पुन्हा मिटवावी. शेवटी जुन्या जॉर्जेटच्या तुकड्यावरून साखळी दोन्ही दिशांनी ओढून पाहावी, कारण बोटाला गुळगुळीत लागणारा जोडही जॉर्जेटला पकडतो.

हिशेबाचा मुद्दाही आपण काढला होता, तो लवकर आटपतो. एका कडीला लागणारी तार म्हणजे आतला व्यास आणि तारेची जाडी यांची बेरीज गुणिले ३.१४. ३.२५ आणि ०.९१ यांची बेरीज ४.१६, म्हणजे दर कडीला सुमारे १३ मिलिमीटर आणि शंभर कड्यांना १.३१ मीटर तार. ९२.५ टक्के चांदीत या शंभर कड्यांचे वजन नऊ ग्रॅमच्या किंचित खाली भरते, तांब्यात पावणेआठ ग्रॅमच्या आसपास. किती कड्या लागतील हे मात्र कोणालाही विचारू नये. तांब्यात एक इंच वीण करून मोजाव्यात आणि लांबीने गुणावे. करवतीत चांदीचा दोन टक्क्यांहून कमी भाग भुशात जातो, पण तो वाया जात नाही. फळीखाली जाड कागद पसरून ठेवावा आणि भुसा डबीत साठवावा. सोनारपेठेतली धूळ धुऊन तिच्यातला धातू काढणाऱ्या झारेकऱ्यांचे पोट याच भुशावर चालत आले आहे. तांब्याचा आणि चांदीचा भुसा एकत्र होऊ देऊ नये, एवढेच पथ्य.

काही कड्या मात्र विकतच घ्याव्यात. स्टेनलेस स्टीलची तार हाताच्या करवतीला दाद देत नाही, ती कापताना आणखी कडक होत जाते आणि पाती संपतात. रंगीत ॲनोडाइझ्ड ॲल्युमिनियमची तार कापली की दोन्ही टोके पांढरी उघडी पडतात, म्हणून आधी कापून मग रंगवलेल्या तयार कड्याच बऱ्या. साध्या ॲल्युमिनियमचा चिकट भुसा दातांत भरतो, त्यामुळे त्याच्याही वाटेला मी सहसा जात नाही. विकत घेतानाही विक्रेत्याकडून आतला व्यास आणि तारेची जाडी मिलिमीटरमध्ये घ्यावी. बरेच जण बाहेरचा व्यास लिहितात, आणि मग आपली पहिली तक्रार पुन्हा उभी राहते.

राहिला आपल्याजवळच्या मालाचा प्रश्न. साइड कटरने तोडलेल्या कड्यांची टोके छाटत बसू नये, त्या मोडीत घालाव्यात. पण आपण लिहिले आहे की ३.५ मिलिमीटरवर गुंडाळलेल्या तीन गुंडाळ्या अजून न कापता ठेवल्या आहेत. त्या टाकू नका. त्या करवतीने कापल्यास आतला व्यास जवळपास तेवढाच राहील आणि गुणोत्तर २.९ च्या आसपास येईल. बायझंटाईनला ते निरुपयोगी असले तरी जेन्स पिंड नावाच्या दोरीसारख्या पिळाच्या विणीला हेच गुणोत्तर लागते. ती वीण ३.२ वरच सैल पडून पीळ सोडू लागते, त्यामुळे तिच्यासाठी नेमक्या मापाच्या तयार कड्या शोधाव्या लागतात. इनॅमलची लाखेरी छटा आणि टोकांचे उघडे तांबे सरावाच्या साखळीत खपून जाईल. एका गुंडाळीच्या वीस कड्या कापून तिची दोन बोटे लांबीची साखळी विणावी, पीळ घट्ट बसला तर उरलेल्या दोन्ही गुंडाळ्या त्यासाठीच कापाव्यात.